रोपं कोलमडली ती बियाण्यामुळे नाही

खानापूरच्या ताई,

“तुमचा पेरणीच्या वेळापत्रकाचा लेख वाचून मृग लागताच परड्यात झेंडू, वांगी, मिरचीचं बी टाकलं. उगवलं छान आणि आठ दिवसांत सगळं आडवं झालं. बेळगावच्या शहापुरात बसून सांगणं सोपं आहे. त्यापेक्षा बाजारातलं तरू (लावणीची तयार रोपं) बरं,” असं तुम्ही लिहिलंत.

वेळापत्रकाचा दोष माझाच. जिल्हा एक असला तरी मलप्रभा जिथे उगम पावते त्या तुमच्याकडच्या कणकुंबीचा धो धो पाऊस कुठे आणि कोरड्या अथणीचा कुठे! सगळ्यांना एकच तारीख सांगायला नको होती. लेखात आजच दुरुस्ती केली आहे.

पण बियाण्याला बोल लावू नका. देठ मातीलगत दोऱ्यासारखा बारीक झाला, ओलसर दिसला आणि रोप पडलं, असंच झालं ना? त्याला रोप कोलमडणं म्हणतात. पिथियमसारख्या बुरशा साचलेल्या ओलीत वाढतात आणि दाट पेरणीत भराभर पसरतात. तुमच्याकडच्या झडीत उघड्या वाफ्यावर तरू टिकणं अवघडच. तळाला भोकं पाडलेला डबा किंवा ट्रे ओसरीत, पागोळ्या पडणार नाहीत पण उजेड भरपूर येईल अशा जागी ठेवा. लाल माती, वाळू आणि चाळलेलं गांडूळखत घ्या, त्यात थोडा ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला आवर घालणारी उपयोगी बुरशी) मिसळा. जुनी माती पुन्हा वापरू नका. बी विरळ, त्याच्या जाडीच्या दुप्पट खोल टाका. माती वरून सुकली की सकाळीच पाणी द्या. मिरची उगवायला आठ-दहा दिवस घेते, आणि उगवत नाही म्हणून आपण आणखी पाणी ओततो. तिथेच घात होतो.

झेंडूची घाई नाही. जुलैअखेर पेरला तरी दसरा-दिवाळीच्या सुमाराला फुलतो.

वांगी-मिरचीचं तरू बाजारातून आणलंत तर माझी ना नाही. पण श्रावणघेवडा, दोडका, काकडी यांचं बी थेट जागेवरच टोचावं, त्यांना मुळं हललेली सोसत नाहीत. शिवाय सासूबाईंनी राखेत जपलेला घेवडा कुठल्या बाजारात मिळणार? घेवडा बहुतेक स्वतःच्याच परागावर धरतो, म्हणून घरचं बी मूळ वाणाला धरून राहतं. संकरित टोमॅटोचं तसं नाही, त्याचं बी धरलं तर पुढची झाडं एकसारखी येत नाहीत. घरचा घेवडा मात्र सोडू नका, एवढा माझा हट्ट आहे.

झेंडूचं बी उरलं असेल तर वीस दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. सहा दिवसांनी कितींना मोड आले ते कळवा. पंधराच्या वर दाण्यांना आले असतील तर तेच पुन्हा पेरू.