‘अमेरिकेला आठ वर्षं लागली, आपल्याला दीडशे’: ही तुलनाच चुकीची आहे

४ जुलैला आणि मग पुन्हा १५ ऑगस्टच्या आसपास एक मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर हमखास फिरतो. थोडक्यात तो असा: ‘इंग्रजांनी चहावरचा कर वाढवला म्हणून अमेरिकेतल्या साध्या शेतकऱ्यांनी बंदुका उचलल्या. सगळे एक झाले. जगातल्या सर्वांत बलाढ्य फौजेला त्यांनी एकट्याच्या बळावर धूळ चारली आणि ४ जुलै १७७६ रोजी ते स्वतंत्र झाले. त्यांना आठ वर्षं लागली, आपल्याला दीडशे. कारण त्यांच्यात एकी होती, आपल्यात नव्हती.’

नववीतल्या माझ्या भाचीने हा मजकूर शाळेतल्या भाषणासाठी वहीत जसाच्या तसा उतरवून घेतला होता. तो वाचून मला राहवलं नाही. त्यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं आहे आणि शेवटचं तर आपल्याच माणसांवर अन्याय करणारं आहे.

आधी चहा. १७७३ साली अमेरिकेत चहा महागला नव्हता, स्वस्त होणार होता. ईस्ट इंडिया कंपनी तेव्हा कर्जात बुडाली होती आणि लंडनच्या गोदामांत तिचा चहा विक्रीविना पडून होता. कंपनीला वाचवायला पार्लमेंटने त्या वर्षी मे महिन्यात कायदा केला. कंपनीने चहा थेट अमेरिकेत न्यावा, तिथे आपल्या ठरावीक अडत्यांमार्फत विकावा, आणि लंडनमध्ये भरावी लागणारी जकात तिला परत मिळावी, अशी ती सोय होती. अमेरिकेत उतरताना पौंडामागे तीन पेन्सचा कर होता, तो १७६७ पासूनचाच. म्हणजे कर वाढला नाही आणि कंपनीचा माल डचांकडून येणाऱ्या चोरट्या चहापेक्षाही स्वस्त पडणार होता.

मग भडका का उडाला? एक तर ज्या स्थानिक व्यापाऱ्यांचं त्या धंद्यावर पोट होतं, ते एका फटक्यात बाजूला पडणार होते. आणि दुसरं कारण त्याहून खोल होतं. हा स्वस्त चहा मुकाट्याने घेतला, की त्यासोबत तीन पेन्सचा करही मान्य केल्यासारखं होणार होतं. ज्या पार्लमेंटमध्ये आपला एकही प्रतिनिधी नाही, त्याने आपल्यावर कर लादावाच का, हा त्यांचा सवाल १७६५ च्या स्टँप कायद्यापासून, म्हणजे कागदपत्रांवर कर लावणाऱ्या कायद्यापासून, चालत आला होता. भांडण रकमेचं नव्हतं, हक्काचं होतं.

१६ डिसेंबर १७७३ च्या रात्री बोस्टनच्या धक्क्यावर डार्टमथ, एलिनॉर आणि बीव्हर अशी तीन जहाजं उभी होती. काहींनी मोहॉक आदिवासींसारखा वेश केला होता, कित्येकांनी नुसती तोंडं काळी केली होती. तीनेक तासांत ३४० हून अधिक पेट्या कुऱ्हाडींनी फोडून त्यांनी चहा समुद्रात ओतला. त्या वेळी ओहोटी होती. पाणी इतकं उथळ की चहाचे ढीग जहाजाच्या कडेला साचू लागले, ते हातांनी ढकलून पांगवावे लागले. (हा चहा भारतातून लुटलेला होता, असंही कुणी कुणी जोडतं. तो चीनचा होता. आसामच्या चहाचा लंडनमधला पहिला लिलाव १८३९ सालचा.)

पण नुसत्या चहाने युद्ध पेटलं नाही. पुढच्या वर्षी पार्लमेंटने शिक्षा म्हणून बोस्टनचं बंदर बंद केलं आणि बोस्टन ज्या वसाहतीत होतं त्या मॅसॅच्युसेट्सच्या लोकांचा स्वतःचा कारभार चालवण्याचा जुना अधिकार छाटला. आज त्यांचं झालं, उद्या आपलं, हे बाकीच्या वसाहतींना तेव्हा कळलं. सप्टेंबर १७७४ मध्ये तेरापैकी बारा वसाहतींचे प्रतिनिधी फिलाडेल्फियात जमले आणि १९ एप्रिल १७७५ ला लेक्झिंग्टनमध्ये पहिली गोळी सुटली.

तारखेचं फार ताणत नाही. स्वातंत्र्याचा ठराव २ जुलै १७७६ ला मंजूर झाला, जाहीरनाम्याचा मसुदा ४ तारखेला स्वीकारला गेला, बहुतेकांच्या सह्या २ ऑगस्टला झाल्या. ब्रिटनने स्वातंत्र्य मान्य केलं ते पॅरिसच्या तहात, ३ सप्टेंबर १७८३ ला. लेक्झिंग्टनपासून मोजलं तर आठ वर्षं हा आकडा बरोबर आहे.

‘सगळे एक झाले’ हे मात्र साफ खोटं. बेंजामिन फ्रँकलिन जाहीरनाम्यावर सही करत होता, तेव्हा त्याचा मुलगा विल्यम हा न्यू जर्सीचा राजनियुक्त गव्हर्नर होता आणि राजाशी इमान राखल्याबद्दल अमेरिकनांच्या कैदेत होता. बापलेकांचं ते वैर शेवटपर्यंत मिटलं नाही. अशी फाटलेली घरं गावोगावी होती. युद्ध संपल्यावर राजाच्या बाजूचे साठ हजारांच्या आसपास लोक देश सोडून गेले. त्यांतल्या पुष्कळांनी आजच्या कॅनडातलं नोव्हा स्कोशिया गाठलं, आणि त्यांच्या वस्तीसाठी १७८४ मध्ये न्यू ब्रन्सविक हा वेगळा प्रांत काढावा लागला.

आणि गुलाम? तेरा वसाहतींची लोकसंख्या सुमारे २५ लाख होती, त्यांतले पाचेक लाख गुलाम. व्हर्जिनियाचा इंग्रज गव्हर्नर डनमोर याने नोव्हेंबर १७७५ मध्ये जाहीर केलं, की बंडखोर मालकांचे जे गुलाम राजासाठी लढायला येतील त्यांना मोकळं करू. हजारो जण पळाले. त्यांत खुद्द जॉर्ज वॉशिंग्टनच्या मळ्यावरचा हॅरी वॉशिंग्टन होता. मालक स्वातंत्र्याच्या फौजेचा सेनापती, आणि हा स्वतःच्या सुटकेसाठी शत्रूच्या छावणीत. पुढे तो नोव्हा स्कोशियाला आणि तिथून आफ्रिकेत सिएरा लिओनला गेला. त्याची बाजू कुठली होती, हे ‘सगळे एक झाले’ या तीन शब्दांत कसं सांगणार?

आता ‘एकट्याच्या बळावर’. वॉशिंग्टनचं मोठेपण मला कमी करायचं नाही. तो जिंकला त्यापेक्षा जास्त लढाया हरला, तरी त्याने फौज मोडू दिली नाही. व्हॅली फोर्जच्या छावणीत १७७७-७८ च्या हिवाळ्यात रोगराईने सुमारे दोन हजार माणसं गेली, आणि जे उरले ते पुन्हा कवायतीला उभे राहिले. पण दारूगोळा कुठून येत होता? सुरुवातीच्या काळातली बहुतेक बंदुकीची दारू परदेशातून आली. ऑक्टोबर १७७७ मध्ये साराटोगाला इंग्रजांची एक अख्खी फौज शरण आली, तेव्हा फ्रान्सची खात्री पटली आणि फेब्रुवारी १७७८ मध्ये त्याने अमेरिकेशी तह केला आणि त्याच वर्षी तो उघडपणे युद्धात उतरला. पुढच्या वर्षी स्पेन उतरला.

यॉर्कटाउनचा निकाल खरं म्हणजे पाण्यावर लागला. ५ सप्टेंबर १७८१ ला चेसापीक उपसागराच्या तोंडाशी फ्रेंच सेनापती द ग्रास याच्या २४ युद्धनौकांनी इंग्रजांच्या १९ नौकांना परतवलं. यॉर्कटाउनला तळ ठोकलेल्या इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसची समुद्रातून निघायची वाट बंद झाली. जमिनीवर वॉशिंग्टनच्या शेजारी रोशांबोचे फ्रेंच सैनिक होते, आणि नौदलाची माणसं धरली तर त्या वेढ्यात अमेरिकनांपेक्षा फ्रेंचच जास्त होते. १९ ऑक्टोबरला कॉर्नवॉलिसच्या फौजेने शस्त्रं खाली ठेवली.

आणि त्याच वर्षांत इंग्रज आपल्याशीही लढत होते, हे आपण कसं विसरतो? जानेवारी १७७९ मध्ये रघुनाथरावाला गादीवर बसवायला निघालेली कंपनीची फौज घाट चढून तळेगावपर्यंत आली. पुढचा मुलूख मराठ्यांनी जाळून उजाड केलेला, दाणावैरण नाही. फौज मागे फिरली आणि वडगावला कोंडली गेली. तिथे इंग्रजांना तह लिहून द्यावा लागला. तो त्यांनी नंतर मोडला, हा भाग वेगळा. फ्रान्सचा वकील म्हणून सेंट लुबिन १७७७ मध्ये पुण्यात नाना फडणवीसांच्या दरबारी आला होता. पण अमेरिकेला शेवटी आरमार मिळालं, पुण्याला वकिलाच्या बोलण्याखेरीज काही मिळालं नाही.

आपल्यात दुही नव्हती असं मी म्हणणार नाही. अमेरिकेत हरलेला हाच कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्याला आला, आणि १७९२ मध्ये त्याने टिपूच्या श्रीरंगपट्टणला वेढा दिला तेव्हा हरिपंत फडके मराठ्यांची फौज घेऊन त्याच्या बाजूला होते. हे सांगायलाच हवं. पण दुही तिकडेही होती, म्हणून निव्वळ एकीवर हा हिशेब लागत नाही.

मुळात तुलना जमते कुठे? अमेरिकेत बंड केलं ते इंग्रजांच्याच भाऊबंदांनी. भाषा तीच, कायदा तोच. व्हर्जिनियाचं निवडून दिलेलं विधिमंडळ १६१९ पासून भरत होतं. छापखाने, गावोगावच्या शिबंद्या, घरातल्या बंदुका सगळं आधीपासून त्यांच्या हातात होतं. ती भावाभावांची वाटणी होती, रक्त सांडून झालेली. ज्यांची जमीन मुळात घेतली गेली ते इरोक्वा आदिवासी वेगळेच होते. १७७९ मध्ये वॉशिंग्टनच्याच हुकमाने सलिव्हनच्या फौजेने त्यांची चाळीसहून अधिक गावं जाळली, उभा मका कापून टाकला. पॅरिसच्या तहात मिसिसिपीपर्यंतचा मुलूख नव्या राष्ट्राला मिळाला, तिथे राहणाऱ्या मूळ रहिवाशांचा त्यात उल्लेखही नाही. त्या गोष्टीत आपली जागा शोधायचीच, तर ती या लोकांच्या शेजारी आहे.

भाचीच्या भाषणातली शेवटची दोन वाक्यं आम्ही खोडली. त्या जागी तिने वडगाव घेतलं आहे. भाषण पाच मिनिटांत बसत नाही म्हणून आता चहाचा भाग कापतेय, फक्त ओहोटीचं वाक्य तिला सोडवत नाही.