सद्गुणी स्त्रीने शेत विकत घेतले होते

मातृदिन जवळ आला की ख्रिस्ती कुटुंबांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरू लागतो. गुलाबाच्या चित्राखाली लिहिलेल्या त्या मजकुराचा सारांश असा: देवाने स्त्रीला एकच पाचारण दिले आहे, ते म्हणजे मातृत्व, बायबलमधील नीतिसूत्रांच्या पुस्तकातील सद्गुणी स्त्री घर सोडून कोठे जात नव्हती, मुलांना जन्म दिल्यानेच स्त्रीचे तारण होते असे प्रेषित पौल म्हणतो, कमावणे बापाचे आणि मुले वाढवणे आईचे, आणि आपल्या आज्या घरी राहिल्या म्हणून विश्वास टिकला, आताच्या आया बाहेर पडल्या म्हणून मुले मंडळीपासून, म्हणजे चर्चपासून, दुरावली. यवतमाळ, अमरावतीकडच्या खेड्यांतील मंडळ्यांमध्येही हा संदेश मोठ्या श्रद्धेने पुढे पाठवला जात असल्यामुळे त्यातील एकेका विधानाला उत्तर देणे आवश्यक वाटते.

मातृत्व हे देवाने सोपवलेले काम आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य याचा बाप ग्रीक होता, आणि त्या घरात विश्वास जपला तो आजी लोईस आणि आई युनीके या दोघींनी. पौलाने आपल्या पत्रात त्यांची नावे घेऊन हे नोंदवले आहे. माझा आक्षेप आहे तो या पाचारणाला स्त्रीच्या इतर प्रत्येक कामाविरुद्ध उभे करण्याला, आणि त्यातून मजुरीला जाणाऱ्या व मूल नसलेल्या स्त्रियांच्या माथी जो दोष मारला जातो त्याला.

संदेशाचा सर्वात मोठा आधार नीतिसूत्रांचा एकतिसावा अध्याय हा आहे. तो पाठवणाऱ्यांपैकी कितीजणांनी अलीकडे तो अध्याय सलग वाचला असेल, असा प्रश्न पडतो. या अध्यायातील स्त्री लोकर आणि ताग मिळवते, व्यापारी गलबतांप्रमाणे दुरून अन्न आणते, रात्र सरण्यापूर्वी उठून घरच्यांच्या जेवणाची तरतूद करते. सोळाव्या वचनात ती विचारपूर्वक एक शेत विकत घेते आणि स्वतःच्या कमाईतून द्राक्षमळा लावते. चोविसाव्या वचनात ती वस्त्रे विणून विकते आणि व्यापाऱ्यांना कमरबंद पुरवते. तिच्या मुलांचा उल्लेख येतो तो अठ्ठाविसाव्या वचनात, जेथे ती उठून आईला धन्य म्हणतात. ज्या आईला ती धन्य म्हणतात, तिने शेताचा व्यवहार केला आहे, हातांनी राबली आहे आणि पैसा मिळवला आहे. या अध्यायाच्या आरंभी ही शिकवण लमुवेल राजाला त्याच्या आईने दिली असे सांगितले आहे. म्हणजे सून कशी असावी हे सांगणाऱ्या त्या राजमातेलाही घरात बसून राहणारी सून अभिप्रेत नव्हती.

आता हाच अध्याय हातात घेऊन कापसाच्या वावरात यावे. दिवाळीच्या आसपास वेचणी सुरू झाली की खेड्यातील मजूर बाई पहाटे भाकरी थापते, सकाळी इतर बायांबरोबर शेतावर पोहोचते आणि कमरेला बांधलेल्या फडक्यात बोंडाबोंडांतून कापूस वेचत ओळीमागून ओळ संपवत जाते. बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी तिची बोटे ओरखडलेली असतात. मजुरी किलोवर मिळते. त्यामुळे धुऱ्यावरच्या बाभळीला बांधलेल्या लुगड्याच्या झोळीत तान्हे बाळ रडू लागले आणि ती त्याला पाजायला गेली, तर तेवढा वेळ तिच्या वजनातून, म्हणजेच तिच्या पैशांतून, वजा होतो. तरीही ती जाते, बाळाला पाजते आणि परत ओळीला लागते. संध्याकाळी काट्यावर गाठोडे चढते आणि त्या पैशांतून घरात तेल, डाळ आणि शाळेची वही येते. ‘आई असशील तर घरी राहा’ असे या बाईला सांगणाऱ्याने तिच्या घरातील पीठ कोठून येणार, हेही त्याच संदेशात लिहायला हवे होते. ज्यांच्या घरी महिन्याच्या एक तारखेला पगार जमा होतो, त्यांनी आपली सोय देवाची आज्ञा म्हणून कोरडवाहू गावात पाठवू नये.

या ठिकाणी कोणी तीताला लिहिलेल्या पत्राकडे बोट दाखवील. तेथे वडीलधाऱ्या स्त्रियांनी तरुण स्त्रियांना पतीवर व मुलांवर प्रेम करण्यास आणि घरचे काम पाहण्यास शिकवावे असे म्हटले आहे, आणि ते वचन टाळण्याचे कारण नाही. परंतु घरचे पाहा असे सांगणे वेगळे आणि घराबाहेरचे काम पाप आहे असे सांगणे वेगळे. यातील दुसरी गोष्ट त्या पत्रात नाही. त्याच पौलाबरोबर करिंथ येथे प्रिस्किल्ला आणि तिचा पती अक्विल्ला तंबू बनवण्याचा धंदा करत होते, आणि फिलिप्पैत त्याला आग्रहाने घरी नेणारी लुदिया जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणारी होती. पौलाने या दोघींपैकी एकीलाही काम सोडायला लावल्याचे कोठे लिहिलेले नाही.

रूथचे पुस्तक तर विदर्भातील वाचकाला वेगळे समजावून सांगावेच लागत नाही. विधवा सून परक्या गावात सकाळपासून दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचते आणि संध्याकाळी धान्य झोडून सासूकडे आणते. पुढे तिला मूल होते, तेव्हा तिची सासू नामी त्या बाळाला उराशी धरते आणि त्याची दाई होते, आणि शेजारणी म्हणतात की नामीला मुलगा झाला. सून वावरात आणि नातू आजीजवळ, ही आपल्या खेड्यांतील व्यवस्था पवित्र शास्त्राला अपरिचित नाही.

तारणाविषयीचे विधान मात्र नुसते अपुरे नाही, ते घातक आहे. ते ज्यावर उभे आहे त्या १ तीमथ्य २:१५ या वचनाच्या अर्थाविषयी अभ्यासकांमध्ये जुना मतभेद आहे. कोणी त्यात तारणाऱ्याच्या जन्माचा निर्देश पाहतो, कोणी बाळंतपणातील रक्षणाचा, तर कोणी इफिस येथील त्या खोट्या शिक्षकांना दिलेले उत्तर पाहतो, ज्यांच्याविषयी त्याच पत्राच्या चौथ्या अध्यायात ते लग्न करण्यास मनाई करतात असे म्हटले आहे. त्याच वचनात विश्वास, प्रीती आणि पवित्रतेत टिकून राहण्याची अट आहे, आणि नेमकी तीच संदेशातून गळली आहे. शिवाय इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे होते, कर्मांनी नव्हे, असे स्वच्छ म्हटले आहे. बाळंतपणाने तारण होत असेल, तर १ करिंथ ७ मध्ये अविवाहित स्त्री प्रभूच्या गोष्टींची काळजी करते असे सांगून तिची स्थिती पौलाने चांगली का म्हणावी?

या विधानाचा परिणाम कोठे दिसतो हे पाहायचे असेल, तर मातृदिनाची उपासना पाहावी. पाळक सर्व मातांना पुढे बोलावतात, संडे स्कूलची मुले त्यांना फुले देतात, टाळ्या होतात. लग्नाला बरीच वर्षे होऊनही जिची ओटी रिकामी राहिली ती बाई बाकावर बसून राहते, पदर नीट करते, उगीच गीताच्या पुस्तकाची पाने उलटते. शेजारची बाई परत येताना तिच्या नजरेला नजर देत नाही. गावात लोक तिला जे टोचून बोलतात, तेच आता वचनाचा दाखला देऊन मंडळीत ऐकू येऊ लागले, तर तिने जायचे कोठे? मूल नसलेली हन्ना मंदिरात प्रार्थना करत रडत होती तेव्हा एली याजकाला ती प्यालेली वाटली, हे आपल्या पाळकवर्गाने अधूनमधून आठवायला हरकत नाही. लूकच्या अकराव्या अध्यायात गर्दीतील एक स्त्री येशूला म्हणते की ज्या उदराने तुला वाहिले ते धन्य. त्यावर येशू उत्तर देतो की देवाचे वचन ऐकून ते पाळणारे अधिक धन्य. स्वतःच्या आईविषयी बोलले जात असताना त्याने हे म्हटले, आणि मरीयेचा मान त्यामुळे तसूभरही कमी झाला नाही, कारण ऐकून पाळणाऱ्यांत ती पहिली होती. इस्राएलची न्यायाधीश व संदेष्टी दबोरा हिला मुले होती की नाही हे शास्त्र सांगत नाही. ‘इस्राएलात माता’ असे तिच्या गीतात मात्र म्हटले आहे. पौल रोमकरांस लिहिताना रूफाच्या आईला सलाम सांगतो आणि ती माझीही आई, असे म्हणतो. मंडळीत असे मातृत्व करणाऱ्या बाया गावोगाव आहेत, पण त्यांच्या हाती त्या दिवशी फूल पडत नाही.

बापाविषयीच्या विधानाला फार वेळ देण्याची गरज नाही. इफिसकरांस ६:४ मध्ये मुलांना प्रभूच्या शिस्तीत वाढवण्याची आज्ञा थेट बापांना आहे. १५२२ मध्ये वैवाहिक जीवनाविषयी लिहिताना धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने म्हटले होते की बाप बाळाची लंगोटी धूत असेल आणि लोक त्याला हसत असतील, तरी तो ते विश्वासाने करत असल्यास देव आपल्या सर्व दूतांसह प्रसन्न होऊन हसतो. पाचशे वर्षांनंतरही आपल्याकडे हे वाक्य व्यासपीठावरून वाचण्याचे धाडस फारसे कोणी करत नाही.

राहिल्या आज्या. त्या घरी बसून होत्या हेच मुळात खरे नाही. खेड्यांतील बहुतेक ख्रिस्ती कुटुंबांतील आज्या निंदणाला आणि वेचणीला जात होत्या. काही मिशन शाळांत शिकवत होत्या, काही दवाखान्यांत परिचारिका होत्या, आणि बायबल वुमन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्त्रिया पायी गावोगाव फिरून वचन वाचून दाखवत होत्या. पंडिता रमाबाईंचे पती १८८२ मध्ये वारले तेव्हा त्यांची लेक मनोरमा तान्ही होती. त्या मुलीला वाढवतच त्या इंग्लंडला गेल्या, १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन ही शाळा काढली, आणि १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी उपाशी मुली व विधवा पुण्याजवळच्या केडगावकडे नेल्या; आजच्या विदर्भाचा नागपूर-वर्ध्याकडील भाग तेव्हा त्याच प्रांतात होता. मनोरमा पुढे आईच्याच कामात सहभागी झाली. आई घराबाहेर राबल्याने लेकीचा विश्वास गेल्याचे उदाहरण शोधणाऱ्यांना येथे काही सापडणार नाही.

मुले मंडळीपासून का दुरावतात, याची कारणे खेड्यात उघड्या डोळ्यांनी दिसतात. बारावी झाली की मुले कामासाठी नागपूर-पुण्याला जातात आणि तेथे त्यांना कोणी मंडळीशी जोडून देत नाही; एका पाळकाकडे अनेक गावे असल्यामुळे कित्येक ठिकाणी दर रविवारी उपासनाही होत नाही; आणि स्त्रियांची सभा भर दुपारी ठेवली जाते, जेव्हा मजूर बाई शेतात असते, आणि मग ती आली नाही म्हणून तिची आस्था मोजली जाते. ती सभा दिवेलागणीनंतर ठेवणे एखाद्या मंडळीला पुढच्या आठवड्यापासूनही जमण्यासारखे आहे.