‘वेळ घेऊनही सव्वा तास ताटकळत ठेवलं’ या अभिप्रायाला दवाखान्याचं उत्तर

नमस्कार. तुमचा अभिप्राय वाचला. अकराची वेळ घेऊनही सव्वा तास बसावं लागलं, तुमच्या पग कुत्र्याला लस न देताच परत पाठवलं आणि वर चारचौघांत बोलणं ऐकावं लागलं, असं तुम्ही लिहिलं आहे. तुम्हाला त्रास झाला, त्याबद्दल मनापासून दिलगीर आहे. पण त्याच अभिप्रायात ‘नंतर आलेल्या मांजरवाल्यांना आधी आत घेतलं, ओळखीचे असणार’ असंही एक वाक्य आहे. ते वाचल्यापासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

ते ओळखीचे नव्हते. त्या दिवसाआधी मी त्यांना पाहिलेलंही नव्हतं. त्यांना विचारूनच पुढचं लिहिते आहे. त्यांचा बोका आदल्या रात्रीपासून पुन्हा पुन्हा वाळूच्या ट्रेमध्ये जाऊन बसत होता, कुंथत होता, ओरडत होता. घरच्यांना वाटलं, शी अडकली असेल. बहुतेकांना तसंच वाटतं, कारण लघवीसाठी कुंथणारं मांजर आणि शीसाठी कुंथणारं मांजर दिसायला सारखंच दिसतं. ट्रेमधली वाळू मात्र रात्रभर कोरडी होती. बास्केट उघडून मी त्याच्या पोटाला हात लावला, तर मूत्राशय मोसंब्याएवढं, टणक लागलं.

बोक्याचा मूत्रमार्ग मांजरीपेक्षा लांब आणि टोकाशी अगदी अरुंद असतो. चिकट स्राव आणि बारीक स्फटिक मिळून त्यात बूच बसलं, की लघवी पूर्ण तुंबते. मग मूत्रपिंडांचं काम अडतं, रक्तातलं पोटॅशियम वाढत जातं आणि हृदय मंदावतं. एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. दवाखान्यात घाबरून आलेल्या मांजराचे ठोके मिनिटाला दीडशेच्या वर असायला हवेत. याचे शंभरच्या खाली आले होते. अशा वेळी आधी शीर मिळवून सलाईन लावायचं, हृदय सांभाळायला कॅल्शियम ग्लुकोनेट द्यायचं, मग भूल आणि त्यानंतर कॅथेटर, म्हणजे लघवीच्या वाटेत घालायची बारीक नळी. कॅथेटर घालताना घाई चालत नाही, जोर लावला तर मूत्रमार्ग फाटतो. सलाईनच्या पाण्याने बूच थोडं थोडं मागे सारत जावं लागतं. बाहेर तुम्ही घड्याळ बघत बसला आहात याची मला जाणीव होती, पण तेव्हा हातातलं काम सोडून दाराशी येणं शक्य नव्हतं.

‘मग वेळ देताच कशाला?’ असं तुम्ही विचारलं आहे. वेळ देतो ती लस, नेहमीची तपासणी, टाके काढणं अशा आधी ठरवता येणाऱ्या कामांसाठी. लघवी तुंबलेला बोका, फिट न थांबणारं जनावर, तोंड उघडं टाकून श्वास घेणारं मांजर, पोट फुगून नुसत्या कोरड्या उलट्या काढणारा मोठा कुत्रा, यांना या दवाखान्यात रांग नाही आणि पुढेही नसेल. उद्या तुमचा पग अशा अवस्थेत आला, तर ज्यांची वेळ असेल त्यांना मी थांबवीन. त्यांनी कितीही नाराज होऊन लिहिलं तरी.

आता गाडीचं. तुम्ही लिहिलं आहे, ‘काच थोडी खाली ठेवून कुत्र्याला गाडीत ठेवलं, तर डॉक्टर सगळ्यांसमोर ओरडल्या.’ मी दारातून मोठ्याने हाक मारली, हे खरं. माझ्या मदतनीस मुलीने आत येऊन सांगितलं, की उन्हातल्या गाडीत पग आहे आणि धापा टाकतोय. त्या क्षणी मला फक्त तो बाहेर यायला हवा होता. तुमचा अपमान करायचा माझ्या मनातही नव्हता.

बाहेर हवा २४ अंश सेल्सिअस असली, तरी उन्हात बंद उभ्या गाडीत अर्ध्या तासात पारा ४० च्या पुढे जातो. काच बोटभर खाली केल्याने फारसा फरक पडत नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. जिभेवरून वाफ सोडत, धापा टाकूनच तो अंगातली उष्णता बाहेर टाकतो. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला तेही धड जमत नाही, कारण त्याची श्वासाची वाट मुळातच आखूड आणि अडलेली असते. तुम्ही त्याला आणलंत तेव्हा जीभ गडद लाल होऊन बाहेर लोंबत होती आणि लाळेचे घट्ट धागे छातीपर्यंत आले होते. पंख्यासमोर ठेवून, पोट आणि पंजे साध्या पाण्याने ओले केल्यावरही थर्मामीटर ३९.९ दाखवत होता. कुत्र्याचं तापमान साधारण ३८.३ ते ३९.२ असतं. ४१ च्या पुढे गेलं, की मेंदू, मूत्रपिंडं, रक्ताची गोठण्याची क्रिया, सगळंच धोक्यात येतं. तुम्ही गाडी अजून थोडा वेळ तशीच ठेवली असती तर काय झालं असतं, हे मी तेव्हाही बोलले नाही आणि आजही त्यावर जास्त लिहीत नाही.

लस याच कारणाने दिली नाही. अंग तापलेल्या, दमलेल्या जनावराला आम्ही लस टोचत नाही. पुढे ताप आला, तर तो लसीचा की उष्णतेचा हे कळायला मार्ग राहत नाही. पिल्लाचे सुरुवातीचे डोस सोळा आठवड्यांचं होईपर्यंत वेळच्या वेळी व्हायला हवेत, त्यात मी स्वतः मागे लागते. तुमच्या मोठ्या पगच्या दरवर्षीच्या डोसला चार-सहा दिवस उशीर झाल्याने काही बिघडत नाही. त्या दिवशी त्याला थंड केलं, तपासलं, तासभर नजरेखाली ठेवलं, आणि तुमच्याकडून काहीही पैसे घेतले नाहीत. तुमच्या अभिप्रायात त्याचा उल्लेख नाही, एवढं वाईट मात्र वाटलं.

‘घरातली कुठली गोळी दिली का’ हा प्रश्नही तुम्हाला चौकशीसारखा वाटला. तो मी प्रत्येकाला विचारते. माणसाची पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, आणि लोक ती प्रेमापोटीच देतात.

तातडीचं जनावर आत असेल, तर बाहेर बसलेल्यांना तसं लगेच सांगायची व्यवस्था करते आहे. मागच्या बाजूला सावलीत बाकं टाकायचंही डोक्यात आहे, म्हणजे कुत्र्याला गाडीत ठेवावं लागणार नाही. जमेल तसं करतेच.

तुम्ही दिलेले दोन तारे राहू द्या, तो तुमचा अधिकार आहे. फक्त ओळखीचं ते वाक्य काढता आलं तर पाहा. दवाखाना लोकांच्या विश्वासावर चालतो, आणि इथे काम करणाऱ्या मुलींची घरंही त्यावरच चालतात. पगला लसीसाठी सकाळी उघडल्या उघडल्या आणा, ऊन चढायच्या आत. त्याचं नाव वहीत लिहून ठेवलं आहे. बोका दुसऱ्या दिवशी स्वतःहून खायला लागला, आता घरी आहे.