‘चार महिन्यांत वॉटरप्रूफपणा संपला’ या अभिप्रायाला दुकानातर्फे उत्तर

नमस्कार,

दोन तारे दिलेत, पण कारणं नीट लिहिलीत, म्हणून उत्तरही जरा लांबलचक देतो. तुमची तक्रार थोडक्यात अशी: कुत्र्याला सकाळ-संध्याकाळ फिरवण्यासाठी घोट्याखालचे, जाळीदार कापडाचे, आत मेंब्रेन (पाणी अडवणारा पातळ पडदा) असलेले बूट घेतले. चौथ्या महिन्यापासून मोजे ओले व्हायला लागले. दर आठवड्याला मशीनमध्ये धुऊनही वास जाईना. कुत्र्याने ओढलं की ओल्या फरशीवर पाय सरकतो. वॉटरप्रूफच्या नावाखाली फसवणूक आहे, आणि मग माणसाने घ्यायचं तरी काय?

फसवणूक हा आरोप आम्हाला मान्य नाही. घ्यायचं काय हे मात्र मोजा कुठून ओला होतो ते कळल्यावरच ठरवता येतं.

फिरून आल्यावर बूट काढा आणि लगेच मोजा बघा. ओल घोट्याकडून खाली उतरलेली असेल आणि तळपाय त्या मानाने कोरडा असेल, तर पाणी वरून आलंय. दवाने भिजलेल्या गवतातून चालताना हे हमखास होतं: गवत मोज्याच्या काठाला घासतं, मोजा पाणी ओढतो आणि वातीसारखं ते आत उतरवतो. पँटचे पाय मोज्यात खोचले असतील तर पँटचं पाणीही त्याच वाटेने जातं. दुसरी खूण म्हणजे तळपाय, बोटं, सगळं सारखंच दमट आणि काढताना कोमट. तो घाम. तिसरी, एका ठरावीक जागी गार ओला डाग, बहुतेक वेळा करंगळीजवळ किंवा चवडा मुडपतो त्या घडीवर. ही खरी गळती.

शंका उरली तर टबात पाणी घ्या. बूट पूर्ण वाळवून, इनसोल काढून, आत टिश्यू पेपर चारी बाजूंनी दाबून बसवा. जीभ बाजूच्या कापडाला जिथपर्यंत शिवलेली असते, तिथपर्यंतच बूट पाणी अडवतो. नाडीच्या वरच्या भोकांपर्यंत नाही. म्हणून पाणी त्या शिवणीच्या दोन बोटं खाली ठेवा. पंधरा मिनिटं तसंच ठेवा, मग टिश्यू काढून कोरडा मोजा चढवा, पाय आत घाला आणि टबातच चवडा दहा मिनिटं मुडपत राहा. काही चिरा वाकवल्याशिवाय उघडत नाहीत, म्हणून ही दुसरी पायरी टाळू नका. दोन्ही वेळा कोरडं राहिलं तर बूट शाबूत आहे.

आता धुण्याबद्दल, कारण आमच्या मते तुमच्या तक्रारीचं मूळ तिथे आहे. अशा बुटात पाणी अडवणारा भाग बाहेरून दिसत नाही. बाहेरचं कापड आणि आतलं अस्तर यांच्यामध्ये एक पातळ पडदा असतो, पायमोज्यासारखा शिवून आणि शिवणींवर टेप लावून बसवलेला. गोरटेक्ससारख्या पडद्यातली छिद्रं पाण्याच्या थेंबापेक्षा सुमारे २०,००० पट लहान असल्याचं बनवणारे सांगतात. थेंब आत येत नाही, घामाची वाफ बाहेर जाते. पण वाफ बाहेर जायला बाहेरचं कापड मोकळं लागतं. त्यासाठी कापडावर पाणी झटकणारा लेप असतो आणि तो रोजच्या घासण्याने, चिखलाने विरत जातो. लेप गेला की कापड पाणी पितं. पडदा तेव्हाही पाणी अडवतच असतो, पण वाफ कोंडते, ओल्या कापडामुळे पाय गार पडतो आणि आतल्या आत घाम साचतो. बूट गळतोय असंच वाटतं.

मशीनमध्ये यात भर पडते. डिटर्जंटचा काम करण्याचा गुणच असा की पाणी कापडात पसरावं. त्याचा अंश कापडात राहिला की लेप असूनही पाण्याचे थेंब उभे राहत नाहीत. गरम पाण्याने सोलचा गोंद सैल होतो, ड्रमच्या आपटण्याने शिवणींवरच्या टेपा सुटतात. वास तर बाहेरून धुऊन जाणारच नाही, तो इनसोलमध्ये आणि न वाळलेल्या अस्तरात असतो. इनसोल काढून वेगळी धुवा, सावलीत वाळवा. बूट कोमट पाण्याने आणि मऊ ब्रशने हातानेच. कापड ओलसर असतानाच पाण्यावर चालणारा वॉटरप्रूफिंग स्प्रे बाहेरून सगळीकडे मारा, दोन-तीन मिनिटांनी जादा पुसून घ्या आणि वाळू द्या. मग नळाखाली धरून बघा: थेंब गोल होऊन घरंगळले तर काम झालं. घरंगळायचे थांबतील तेव्हा पुन्हा. महिने मोजत बसू नका, थेंब बघा.

वाळवताना आत वर्तमानपत्राचे बोळे घाला आणि तासाभराने बदला, नाहीतर ओला कागदच ओल धरून ठेवतो. हीटरसमोर किंवा कडक उन्हात ठेवलेले बूट लवकर वाळतात आणि लवकर उलतातही. खरी अडचण अशी की भिजलेला अस्तराचा बूट बारा तासांत वाळत नाही आणि तुमची पुढची फेरी तेवढ्यातच असते. म्हणून रोज दोन फेऱ्या असतील तर दोन जोड लागतात. हे ऐकून दुकानदार विकायलाच बसलाय असं वाटेल, वाटू द्या. आलटून पालटून वापरलेले दोन जोड, एकापाठोपाठ एक झिजवलेल्या दोन जोडांपेक्षा जास्त टिकतात.

मग घ्यायचं काय. ओलं गवत, चिखल, अर्धा-पाऊण तास चाल: अशा फेरीला आम्ही मेंब्रेनच्या बुटाऐवजी पोटरीच्या अर्ध्यापर्यंतचे रबरी गमबूट सुचवतो. वरून पाणी येत नाही, विरायला लेप नाही, नळाखाली धरले की स्वच्छ. घाम होतो, तो सोसायचा; लोकरीचा किंवा सिंथेटिक मोजा घालायचा, सुती नको, सुती पाणी धरून बसतो. चालताना टाच आत एक सेंटिमीटरपेक्षा जास्त उचलली जात असेल तर माप चुकलंय, टाचेला फोड येणार. नैसर्गिक रबर मऊ असतं, ओल्यावर पकडही चांगली देतं, पण ऊन आणि हवेतला ओझोन त्याला चिरा पाडतात, आणि सगळ्यात आधी घोट्याच्या घडीवर. म्हणून दुमडून ठेवू नका. चमक यावी म्हणून तेल, रॉकेल किंवा पेट्रोलियम जेली अजिबात लावू नका, रबर फुगतं आणि कमजोर होतं. वर पांढरी भुकटी दिसली तर घाबरू नका, रबरातलेच घटक पृष्ठावर येतात, ओल्या फडक्याने पुसलं की झालं. पीव्हीसीचे गमबूट स्वस्त आणि एकसंध साच्यातले असतात, पण थंडीत कडक होतात आणि कडक सोल सरकतो.

तासाहून लांब चाल, बहुतेक रस्ता पक्का आणि गवत कमी असेल तर मेंब्रेनचाच बूट, पण घोट्याच्या वर जाणारा आणि जाळीऐवजी चामड्याचा. जाळीत बारीक वाळू शिरते आणि पडद्याला आतल्या आत घासत राहते. कुत्रा अंगावर उडी मारताना नखं तिथेच ओढतो. चवड्यापुढे रबराची पट्टी वर चढवलेली असेल तर फार उत्तम, सोल सुटायला सुरुवात तिथूनच होते. बाजूला चेन असलेले बूट काढा-घालायला सोपे, पण चेन जिथपर्यंत खाली जाते तिथे पाण्याला वाट मिळू शकते, म्हणून चेनीच्या मागे सलग कापड शिवलंय ना ते उघडून बघा. माप संध्याकाळी घ्या, रोजचेच मोजे घालून. अंगठ्यापुढे साधारण एक सेंटिमीटर मोकळं हवं.

पाय सरकण्याचं कारण वेगळं आहे, त्याचा वॉटरप्रूफशी संबंध नाही. तुमच्या जोडाच्या सोलवर खोल, विरळ नक्षी आहे. ती चिखलासाठी: चिखल खाचांत अडकून न राहता गळून पडतो. गुळगुळीत ओल्या फरशीवर मात्र तिचे मोजकेच ठोकळे टेकतात. तिथे मऊ रबर आणि जास्त टेकणारा सोल लागतो. मऊ रबर लवकर झिजतं, हा सौदा आहेच. नुसत्या फोमचा सोल दोन्हीकडे वाईट. कामगारांच्या बुटांवर आयएसओ २०३४७ (कामाच्या बुटांचं आंतरराष्ट्रीय मानक) च्या खाली ‘एसआर’ खूण असेल तर घसरण्याची जादा चाचणी झालेली असते आणि ‘डब्ल्यूआर’ असेल तर पूर्ण बुटाची पाण्याची. दिसायला दणकट, ओबडधोबड, पण कुत्रा फिरवायला आमच्या मते उत्कृष्ट. कुत्रा बाजूला ओढतो तेव्हा पाय बुटाच्या आतही फिरतो, म्हणून फरशीवरच्या फेरीला नाडीचा बूट घ्या, नुसता सरकवायचा नको. नाडी घोट्याजवळ घट्ट, चवड्यावर सैल. टाचेच्या बाहेरच्या कडेची नक्षी सपाट झाली की वरचा भाग कितीही चांगला असो, तो जोड ओल्या फरशीवर नेऊ नका. आणि बारीक नक्षीत विष्ठा अडकली तर टूथब्रश घेऊन बसावं लागतं, हेही निवडताना लक्षात असू द्या.

वॉरंटीबद्दल: सोल सुटणं, शिवण उसवणं आणि न झिजलेल्या बुटाची गळती यांत जोड बदलून मिळतो. मशीनमध्ये धुतलेल्या जोडाला ती लागू नाही, पेटीतल्या कार्डावर तसं छापलेलं आहे. तरीही टबाची चाचणी आम्ही तुमच्यासमोर करून देऊ. करंगळीजवळ किंवा घडीवर पाणी आलं आणि तिथली टेप मुळातच नीट बसली नव्हती असं दिसलं, तर धुण्याचा मुद्दा बाजूला ठेवून जोड बदलू. आणताना बूट चिखल झाडून, आतून पूर्ण वाळवून आणा, इनसोल आणि रोजचे मोजे बरोबर ठेवा. येण्याआधी स्प्रे मात्र मारू नका, लेप कुठे कुठे गेलाय ते मग दिसत नाही.