टॅक्सीवेवर वैमानिक वेळ काढत नसतो

मुंबई विमानतळाबद्दलचा एक मेसेज वरचेवर फिरत असतो. त्याचा मथितार्थ असा: ‘वेळेवर सुटलं’ असं दाखवण्यासाठी कंपन्या दार लावून विमान गेटवरून हलवतात, पुढे धावपट्टी मोकळी असूनही वैमानिक टॅक्सीवेवर, म्हणजे गेटवरून धावपट्टीकडे नेणाऱ्या रस्त्यावर, रेंगाळत जातो कारण त्याचा पगार तासांवर असतो, आणि फुकट जळलेल्या इंधनाचा भुर्दंड प्रवाशांवर पडतो. यात एक गोष्ट खरी आहे, तिच्याकडे येतोच. बाकीचं चूक आहे.

आधी धावपट्टी. मुंबईत दोन आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच चालते. उतरणारी आणि उडणारी, सगळी विमानं तिच्यावरच. गर्दीच्या तासात दर ऐंशी सेकंदांना एक विमान, असा हिशेब पडतो. खिडकीतून मोकळी दिसणारी पट्टी बहुतेकदा घाटकोपरवरून खाली येणाऱ्या विमानासाठी राखलेली असते. शिवाय आधी बोइंग ७७७ सारखं जड विमान उडालं असेल, तर त्याच्या पंखांमागचे हवेचे भोवरे शमेपर्यंत मागच्या एअरबस ए३२० सारख्या लहान विमानाला दोन मिनिटं थांबावंच लागतं.

‘मुद्दाम हळू नेतात’ हा आरोप मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण नेमकं तिथेच वैमानिकाचं कसब लागतं. कॉकपिट जमिनीपासून इतकं उंच असतं की वेगाचा अंदाज डोळ्यांनी येत नाही. तो स्क्रीनवर बघावा लागतो. ए३२० साठी सरळ टॅक्सीवेवर साधारण ३० नॉट, म्हणजे ताशी ५५ किलोमीटर, आणि काटकोनातल्या वळणावर १०. विमान हलकं असेल तर इंजिनं आयडलवर, म्हणजे सगळ्यात कमी जोरावर, असतानाही वेग वाढत जातो. तरी ब्रेकवर सतत पाय ठेवायचा नसतो. वेग ३०च्या आसपास जाऊ द्यायचा, एकदाच नीट ब्रेक लावून १०वर आणायचा आणि पाय काढायचा. ब्रेक ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापले, तर ते निवेपर्यंत उड्डाण करता येत नाही. पुढे सहा विमानांची शेपटं दिसत असताना घाईने रांगेत जाऊन उभं राहण्याने काहीच साधत नाही.

त्यातच दुसऱ्या इंजिनाचं गणित असतं. इंधन वाचवायला बरेचदा एकाच इंजिनावर टॅक्सी करतात, म्हणजे विमान जमिनीवरून धावपट्टीपर्यंत नेतात. दुसरं चालू केल्यावर ते तापायला दोन ते पाच मिनिटं द्यावी लागतात. लवकर चालू केलं तर इंधन वाया जातं. उशीर झाला तर टॉवरमधला कंट्रोलर धावपट्टीवर बोलावतो तेव्हा तुम्ही तयार नसता आणि नंबर मागच्याला जातो. हा क्षण वैमानिक पुढची रांग बघून ठरवतो.

राहिला पगार. उड्डाणाचे तास विमान हलल्यापासून मोजतात, हे खरं. पण वैमानिकाच्या ड्युटीला कायद्याची मर्यादा आहे. सकाळी रांगेत गेलेला अर्धा तास संध्याकाळी त्याच क्रूच्या शेवटच्या फेरीवर गदा आणू शकतो. शिवाय कोणाच्या मागे कोणी जायचं हे ग्राउंड कंट्रोलर सांगतो, वैमानिक नाही.

आता ती खरी गोष्ट. ‘सुटण्याची वेळ’ म्हणजे गेटवरून हलण्याची वेळ, आणि १५ मिनिटांच्या आत हललेलं विमान वेळेवर धरलं जातं. या आकड्यात तुमचं टॅक्सीवेवरचं ताटकळणं दिसत नाही. माझ्या मते ते दिसायला हवं. पण कंपनीच्या मनात आलं की पुशबॅक, म्हणजे विमान गेटवरून मागे ढकलणं, असं मात्र होत नाही. विमान कधी तयार होईल ते कंपनी कळवते. विमानतळाची यंत्रणा धावपट्टीवरच्या रांगेवरून उलटा हिशेब करून इंजिन चालू करायची वेळ देते. दार लावून गेटवरच बसवून ठेवतात ते यासाठीच. वैताग येतो, कबूल. पण दोन इंजिनांवर टॅक्सी करणारं ए३२० मिनिटाला दहा-बारा किलो इंधन जाळतं, आणि इंधन हा कंपनीच्या सगळ्यात मोठ्या खर्चांपैकी एक आहे. ते कोणी हौसेने जाळत नाही.

रांगेचं मूळ वेळापत्रकात आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारनेच मुंबईची गर्दीच्या तासातली विमानांची मर्यादा ताशी ४६ वरून ४४ वर आणायला लावली; विमानं शहरावर ४० ते ६० मिनिटं घिरट्या घालतात, हे तेव्हा मंत्रालयाने स्वतः सांगितलं होतं. जाब विचारायचा तर एका पट्टीवर इतकी विमानं मंजूर करणाऱ्यांना विचारा.