ज्या दिवशी खेळायला बसणार, त्याच दिवशी गेम घ्या

गेम विकत घ्यायचा दिवस आणि तो सुरू करायचा दिवस एकच असला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. सकाळी घेतला आणि रात्री सुरू केला, इतपत अंतर चालेल. पण ‘आत्ता स्वस्त आहे’, ‘सगळे घेतायत’, ‘पुढे सुट्टीत खेळू’ म्हणून घेतलेला गेम बहुतेक वेळा लायब्ररीत, म्हणजे घेतलेल्या गेम्सच्या यादीत, पडून राहतो. उशिरा का होईना, सुरू केला तरी तोवर तो आणखी स्वस्त झालेला असतो, त्याचे पॅच, म्हणजे चुका सुधारणारे अपडेट, आलेले असतात आणि आपली आवडही बदललेली असते.

चांगला गेम कसा ओळखायचा यावर खूप लिहिलं जातं. पण चांगल्या गेम्सचा तुटवडा कधीच संपलाय. २०२४ या एका वर्षात एकट्या स्टीमवर, म्हणजे पीसीचे गेम्स विकणाऱ्या ऑनलाइन स्टोअरवर, १८ हजारांहून जास्त गेम्स आले. त्यातले शेकडा दोनच उत्तम धरले तरी ते साडेतीनशेच्या पुढे जातात. नोकरी, घर, अभ्यास सांभाळून खेळणारा माणूस वर्षात किती पूर्ण करणार? त्यामुळे ‘हा गेम चांगला आहे का’ हा प्रश्न मला अपुरा वाटतो. ‘आज रात्री मी हा खेळणार आहे का’ हा खरा प्रश्न, आणि त्याचं उत्तर ‘हो’ असेल तरच पैसे भरावेत.

प्री-ऑर्डरचा मुद्दा इथेच निकालात निघतो. गेम डिस्कवर मिळायचे तेव्हा दुकानातला माल संपायचा, म्हणून आधी नाव नोंदवण्यात अर्थ होता. डाउनलोड संपत नाही. तरीही प्री-ऑर्डर चालते, कारण तिच्यासोबत एखादा पोशाख किंवा एखादं शस्त्र ‘फक्त तुमच्यासाठी’ दिलं जातं. त्या बदल्यात आपण काय देतो, तर गेम कसा निघाला हे पाहून ठरवायची संधी.

‘सायबरपंक २०७७’ हे याचं सगळ्यात ठळक उदाहरण. १० डिसेंबर २०२० ला तो आला. त्याआधी आलेले रिव्ह्यू पीसीवर खेळून लिहिलेले होते, समीक्षकांना कन्सोलची, म्हणजे प्लेस्टेशनसारख्या टीव्हीला जोडायच्या गेमयंत्रांची, आवृत्ती आधी मिळालीच नव्हती. जुन्या कन्सोलवर तो इतका अडखळत, कोसळत चालत होता की आठवडाभरात सोनीने तो प्लेस्टेशन स्टोअरवरून काढून टाकला आणि पैसे परत दिले. तो स्टोअरवर परतला २०२१ च्या जूनमध्ये. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये २.० अपडेट आल्यावर मात्र कौशल्यांची रचना, पोलिसांची वागणूक, लढाई असं बरंच काही नव्याने बांधलेलं दिसलं. ज्यांनी तीन वर्षं थांबून घेतला त्यांना जास्त चांगला गेम कमी किमतीत मिळाला. २०१६ च्या ‘नो मॅन्स स्काय’चंही तेच. पहिल्या दिवशी त्यात जे नव्हतं ते पुढच्या अनेक वर्षांच्या मोफत अपडेट्समधून येत गेलं. एकट्याने खेळायच्या गेममध्ये थांबणाऱ्याचं सहसा काही बिघडत नाही.

सेलबद्दल मी जास्त कडक आहे. सवलतीचा आकडा आपल्याला गेमबद्दल काहीच सांगत नाही. ७५ टक्के सवलतीत घेतलेला आणि कधीच न उघडलेला गेम हा २५ टक्के निव्वळ तोटा आहे. असे दहा घेतले तर त्या पैशांत हवाहवासा एक गेम पूर्ण किमतीला आला असता, आणि तो आपण खरोखर खेळलोही असतो. ‘फॅक्टोरिओ’ बनवणाऱ्यांनी हे धोरण म्हणूनच ठरवलं की गेम कधीच सेलमध्ये आणायचा नाही. २०२३ मध्ये उलट त्यांनी किंमत वाढवली. मला ते आवडलं. किंमत समोर आहे, डेमो मोफत आहे, पटलं तर घ्या. कुठलंही घड्याळ उलटं पळत नाही. बाकीच्या गेम्ससाठी विशलिस्ट असतेच. तिथे टाकून ठेवायला पैसे पडत नाहीत, आणि सहा महिन्यांनी ती यादी वाचली की त्यातली अर्धी नावं आपल्याला आता नकोशी वाटतात. तेवढे पैसे वाचले.

आता मुख्य गोष्ट. आज रात्री खेळण्याजोगा गेम निवडायचा कसा?

मी एकच बघते: या गेममध्ये मी मिनिटामिनिटाला काय करणार आहे? कथा कशाबद्दल आहे, जग किती मोठं आहे, चित्रं किती सुंदर आहेत हे ट्रेलर सांगतो. हाताला काय काम आहे हे तो क्वचितच सांगतो, आणि वीस-तीस तास आपण तेच काम करत असतो. २०१९ च्या गेम अवॉर्ड्समध्ये ‘सेकिरो’ला वर्षातला सर्वोत्तम गेम हा मान मिळाला. त्याच रात्री ‘डिस्को इलिझियम’नेही चार पुरस्कार घेतले. दोन्ही गेम्स अप्रतिम आहेत. पण ‘सेकिरो’मध्ये समोरच्याची तलवार नेमक्या क्षणी अडवायची असते, चुकलं की मरायचं, पुन्हा उठायचं, त्याच बॉससमोर, म्हणजे बलाढ्य शत्रूसमोर, पुन्हा उभं राहायचं. ‘डिस्को इलिझियम’मध्ये नेहमीच्या अर्थाने लढाईच नाही. तिथे वाचायचं असतं, दहा लाखांहून जास्त शब्दांच्या मजकुरातून आपली वाट काढायची असते. एकाचा चाहता दुसऱ्यात तासाभरात कंटाळू शकतो, आणि त्यात त्या गेमचाही दोष नाही आणि त्या माणसाचाही नाही. ‘पुरस्कार मिळालाय म्हणजे मला आवडेल’ हा हिशेब इथे कोसळतो.

याची खातरजमा करायची माझी पद्धत सोपी आहे. कोणीही न बोलता खेळतानाचा, म्हणजे नो कॉमेंट्री प्रकारातला व्हिडिओ शोधायचा आणि तो सुरुवातीपासून न बघता मधूनच कुठूनतरी पंधरा मिनिटं बघायचा. सुरुवातीचा तास प्रत्येक कंपनी घासूनपुसून चकचकीत करते. मधला तास खोटं बोलत नाही. नकाशावर त्याच त्या खुणा पुसत फिरणं दिसतंय का? मेनूमध्ये सामान लावण्यात किती वेळ जातोय? लढाई तिसऱ्यांदा बघतानाही हात शिवशिवतात का? ते बघताना ‘हे मला करायचंय’ असं वाटलं तर पुढे जायचं. ‘हे बघायला छान आहे’ एवढंच वाटलं तर व्हिडिओच पूर्ण बघावा, त्यात काहीही कमीपणा नाही.

अपवाद कोड्यांच्या आणि रहस्यांच्या गेम्सचा. ‘आउटर वाइल्ड्स’मध्ये तुमचं पात्र अधिक ताकदवान होत नाही, नवी शस्त्रं मिळत नाहीत. तुम्हाला जे कळलंय तेवढीच तुमची प्रगती. मधली पंधरा मिनिटं बघितली तर गेममधलीच पंधरा मिनिटं चोरीला जातात. अशा गेमसाठी आपल्यासारखी आवड असलेल्या एका माणसाचा शब्द पुरेसा मानावा आणि आणखी काही न वाचता सुरू करावा. इथे एवढंच सांगते की त्यात अंतराळयान आहे, कुतूहल लागतं आणि संयम लागतो.

रिव्ह्यूंच्या आकड्यांबद्दल एक मोठा गैरसमज सगळीकडे दिसतो. स्टीमवर ९५ टक्के लिहिलं असेल तर ते दहापैकी साडेनऊ गुण नव्हेत. शंभरातल्या ९५ जणांनी अंगठा वर केला, एवढाच त्याचा अर्थ. सगळ्यांना ‘बरा आहे’ वाटलेल्या गेमलाही ९५ मिळू शकतात, आणि निम्म्यांना आयुष्यभर लक्षात राहील अशा गेमला ७० मिळू शकतात. त्यात पुन्हा आगगाडी चालवण्याचा गेम आगगाड्यांवर प्रेम करणारेच घेतात, त्यामुळे त्याची टक्केवारी वर राहते. फार गाजलेला गेम सगळेच घेतात, म्हणून त्यात न आवडलेलेही जास्त. या दोन आकड्यांची तुलना करून काही हाती लागत नाही.

समीक्षकांच्या गुणांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिकचा आकडा तर किती जड पडू शकतो बघा. २०१० च्या ‘फॉलआउट: न्यू वेगास’ला ८५ मिळाले असते तर बनवणाऱ्या ऑब्सिडियनला बोनस मिळणार होता. मिळाले ८४. आज तो गेम त्या मालिकेतल्या सर्वाधिक प्रेम मिळालेल्या गेम्सपैकी एक आहे. एका गुणाने कोणाचं काय ठरावं, याचा विचार केला की मला अजूनही वाईट वाटतं.

मग रिव्ह्यू वाचायचेच नाहीत? जरूर वाचा, पण आकडा सोडून मजकूर वाचा. मी आधी अंगठा खाली केलेले वाचते. स्टीमवर प्रत्येकाने किती तास खेळून लिहिलंय ते दिसतं. चाळीस तास खेळून नापसंती देणाऱ्याकडे सांगण्यासारखं बरंच असतं. ‘फार हळू आहे, नुसतं फिरायचं, कोणी काही सांगत नाही’ अशी तक्रार वाचून मी कित्येकदा खूश होते, कारण मला नेमकं तेच हवं असतं. सगळ्यांची तक्रार एकच असेल आणि ती मला चालणारी असेल, तर तो गेम माझा.

लांबीबद्दल थोडक्यात. किंमत भागिले तास हा हिशेब मनातून काढून टाका. ‘जर्नी’ दोन तासांत संपतो, ‘पोर्टल’ तीन-चार तासांत, आणि दोन्हींत एक मिनिट कापता येणार नाही. दुसरीकडे साठ तासांच्या कित्येक गेम्समधले वीस तास निव्वळ भरताड असतात. ‘हाऊ लाँग टू बीट’ या साइटवर मुख्य कथेला किती वेळ आणि सगळं करायला किती वेळ हे वेगवेगळं दिलेलं असतं. आपल्याला आठवड्याला चार तास मिळत असतील तर साठ तासांचा गेम म्हणजे जवळजवळ साडेतीन महिने. तेवढे दिवस त्यातली माणसं आणि बटणं लक्षात राहतील का, हे स्वतःला विचारून मगच घ्या.

घेतल्या दिवशी खेळण्याचा आणखी एक रोकडा फायदा आहे. स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि एकूण २ तासांपेक्षा कमी खेळला असाल तर कारण काहीही असो, पैसे परत मिळतात. गॉग या दुसऱ्या ऑनलाइन स्टोअरवर ३० दिवसांची मुदत आहे. सेलमध्ये घेऊन तीन महिन्यांनी उघडलेल्या गेमसाठी हे दार बंद झालेलं असतं. पहिल्याच संध्याकाळी तासभर खेळा. लॅपटॉपला झेपतोय का, अक्षरं वाचता येतायत का, कॅमेरा फिरल्यावर डोकं गरगरतंय का, एवढं तासाभरात कळतं. नाही जमलं तर लगेच परत करा. कन्सोलच्या स्टोअर्सचे नियम जास्त कडक असतात, तिथे डेमो असेल तर आधी तोच खेळावा.

थांबण्याचा हा नियम एका जागी लागू पडत नाही: फक्त ऑनलाइन चालणारे गेम. तिथे उशीर म्हणजे रिकामं मैदान, आणि घाई म्हणजे कदाचित बंद पडलेलं मैदान. ‘कॉन्कॉर्ड’ २३ ऑगस्ट २०२४ ला आला आणि ६ सप्टेंबरला बंद झाला. दोन आठवडे. निदान सोनीने पैसे परत केले. ‘द क्रू’ २०१४ साली आलेला, त्यात एकट्याने खेळायची कथाही होती, पण सर्व्हरला जोडल्याशिवाय तो सुरूच व्हायचा नाही. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाले आणि ज्यांनी पूर्ण पैसे मोजून घेतला होता त्यांच्याकडे काहीच उरलं नाही. त्यातूनच ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी राहिली आणि माझा तिला मनापासून पाठिंबा आहे. विकलेली वस्तू विकणाऱ्याने लांबून बंद करावी, हे मला मान्य नाही. म्हणून ऑनलाइन गेम मी फक्त तेव्हाच घेते जेव्हा सोबत खेळणारी माणसं आधीच ठरलेली असतात. एकट्याने खेळायच्या गेमला सतत इंटरनेट लागत असेल तर ते माझ्यासाठी न घेण्याचं पुरेसं कारण आहे.

फुकट गेम्सनाही हाच नियम लावते. तिथे पैशांऐवजी हजेरी मागतात: रोज या, आजचं काम करा, नाहीतर बक्षीस गेलं. खेळायची इच्छा नसताना चुकेल या भीतीने जो गेम उघडावा लागतो, तो फुकट असूनही महाग आहे.

आणि घेतलेला गेम अर्धवट सोडायला अजिबात कचरू नका. पैसे गेले ते गेलेच, आता नुसत्या हट्टापायी वीस तासही का घालवायचे? ज्या कामासाठी तो घेतला त्या कामात रस उरला नाही, की तो आपल्यापुरता संपला.

आता पहिल्या दिवशी घ्यावा असं काही असतंच नाही का? असतं. ज्यांचं आधीचं काम आपण पूर्ण खेळलोय, जे मोजकेच लोक मिळून बनवतात आणि जे पूर्ण झाल्याशिवाय विकत नाहीत, त्यांच्यासाठी मी थांबत नाही. ‘हॉलो नाइट’ बनवणारी टीम चेरी ही अगदी छोटी ऑस्ट्रेलियन टीम. त्यांचा ‘सिल्कसाँग’ २०१९ मध्ये जाहीर झाला आणि ४ सप्टेंबर २०२५ ला आला. त्या दिवशी एवढी गर्दी झाली की स्टीमसकट कित्येक स्टोअर्स काही वेळ कोलमडली. ते सगळे लोक गेम घेऊन त्याच रात्री खेळायला बसणार होते. अशी खरेदी मला शंभर टक्के मंजूर आहे.

तुमच्या लायब्ररीत आत्ता न उघडलेले कोणते गेम्स आहेत? त्यातलं एक नाव खाली लिहा आणि या शनिवारी-रविवारी तासभर तोच खेळा. नवीन काही घ्यायचं की नाही, ते सोमवारी बघू.