आयता जिल्हा कसा मिळवावा

दुसऱ्याची जमीन लाटायला बंदूक लागते, असं ज्यांना वाटतं त्यांनी चॉक्टॉ या अमेरिकेतल्या मूलनिवासी राष्ट्राच्या टोबक्सी काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, अभ्यास करावा. अमेरिकेच्या आजच्या नकाशावर ती शोधू नका, सापडणार नाही. काम किती स्वच्छ झालंय, याचा तोच पुरावा.

सुरुवात लेखी आश्वासनाने करा. 1830 च्या करारानंतर चॉक्टॉ लोकांना मिसिसिपीतून उठवून आजच्या ओक्लाहोमात धाडलं. थंडीने आणि कॉलऱ्याने वाटेत हजारो मेले. पण करारात स्पष्ट लिहिलं होतं की नव्या मुलखात कुठलंही राज्य तुमच्यावर कधीच कायदे लादणार नाही. असं लिहून देताना हात आखडू नका, शाईला काय पैसे पडतात!

मग थोडी कळ काढा. तोवर मालक मंडळी आपणहून व्यवस्था उभी करतात. चॉक्टॉंनी राज्यघटना केली, काउंट्या आखल्या, प्रत्येकीला न्यायाधीश आणि शेरीफ दिला. जमीन सगळ्यांची मिळून; हवी तेवढी कसा, पण विकायची नाही. तुरुंगाचाही त्यांना फारसा सोस नव्हता. सायलन लुईस नावाच्या चॉक्टॉला मृत्युदंड सुनावून चक्क घरी पाठवलं आणि ठरल्या दिवशी, 5 नोव्हेंबर 1894 ला, तो स्वतःच्या पायांनी गोळी खायला हजर झाला. दिलेला शब्द पाळायची ही खोड तुम्हाला लागणार नाही एवढं बघा. पुढच्या सगळ्या पायऱ्या अडतील.

आता मुख्य पायरी: जावई व्हा. जे. जे. मॅकॲलेस्टर नावाचे गृहस्थ टोबक्सीत दुकान टाकून बसले होते, कारण जमिनीखाली दगडी कोळसा आहे हे त्यांना ठाऊक होतं. 1872 मध्ये त्यांनी रिबेका बर्नी या चिकासॉ, म्हणजे दुसऱ्या एका मूलनिवासी राष्ट्राच्या, मुलीशी लग्न केलं. चिकासॉंना चॉक्टॉ मुलखात हक्क होते, तेव्हा जावईबापूंनाही मिळाले. चॉक्टॉ कायदा असा की खनिज सापडलेल्या नागरिकाला चहूबाजूंनी मैलभर खणायचा अधिकार. त्याच वर्षी रेल्वेही दारात आली. असे योग पत्रिकेत असावे लागतात.

थोडा धोका असतो, नाही असं नाही. कोळशाची रॉयल्टी चॉक्टॉ राष्ट्राची आहे, असं म्हणत चॉक्टॉंचे प्रमुख कोलमन कोल यांनी जावयाला आणि त्याच्या भागीदारांना ठार मारण्याचा हुकूम सोडला. मंडळी निसटली, पुढे तडजोड झाली. हेच मॅकॲलेस्टर 1911 मध्ये ओक्लाहोमा राज्याचे उपराज्यपाल झाले. धीर सोडू नका, तो यासाठी.

खाणीत उतरायला मात्र दुसरे शोधा. 7 जानेवारी 1892 ला क्रेब्सच्या खाणीत स्फोट होऊन शंभराच्या आसपास माणसं आणि पोरं गेली. हा मुद्दा माहितीपत्रकात घालायची गरज नाही.

एव्हाना बाहेरून आलेले लोक मालकांपेक्षा जास्त झालेले असतात. आता गळा काढा. आम्हाला इथे मत नाही, आमच्या पोरांना शाळा नाही! परवाना काढून पाहुणे म्हणून आला होतात, असं कुणी म्हणालंच तर त्याला प्रगतीचा शत्रू ठरवा. वॉशिंग्टनला पाझर फुटतो. 1893 मध्ये सामाईक जमीन वाटून टाकायला डॉज आयोग आला, 1898 मध्ये ती वाटणी सक्तीची करणारा कर्टिस कायदा. सामाईक जमिनीचे तुकडे पाडले: चॉक्टॉ नागरिकाला सरासरी प्रतीची 320 एकर, त्यांच्या एके काळच्या काळ्या गुलामांना 40. (हो, चॉक्टॉंनीही गुलाम पाळले होते. लुबाडले गेलेले सगळेच सज्जन नसतात. ही गोष्ट तुमच्या वकिलाला जरूर सांगा.) तुकडे झाले की विकता येतात, आणि विकायला लावताही येतात.

1905 मध्ये मूलनिवासींनी मस्कोगीला परिषद भरवून सिक्वोया नावाच्या स्वतंत्र राज्याची घटना लिहिली, लोकांकडून ती भरघोस मतांनी मंजूर करून घेतली. अमेरिकेच्या काँग्रेसने, म्हणजे संसदेने, ढुंकून पाहिलं नाही. 16 नोव्हेंबर 1907 ला ओक्लाहोमा राज्य झालं. टोबक्सीचा बराचसा भाग पिट्सबर्ग काउंटीत गेला. पिट्सबर्ग म्हणजे पेनसिल्व्हेनियातलं ते कोळशाचं शहर. स्थानिक नाव ठेवून उगाच कुणाच्या भावना का दुखवा?

फक्त एक चूक टाळा. या सगळ्या लगबगीत चॉक्टॉंचं राखीव क्षेत्र रद्द केलं, असं एक वाक्य काँग्रेसने कुठेच लिहिलं नाही. 2021 मध्ये ओक्लाहोमाच्याच फौजदारी अपील न्यायालयाने ते क्षेत्र अजून कायम असल्याचा निर्वाळा दिला. पण घाबरू नका. प्रश्न होता तो गुन्ह्याचा खटला कोणी चालवायचा, एवढाच. खरेदीखतांना धक्का लागलेला नाही.